पाठीवरचं रफू

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा. फाटकावरच्या शिपायाने माझी कात्री बघून भुवया चढवल्या, मग सुयांचा डबा पाहून हसला आणि म्हणाला, जा मास्तर, या वयात तुम्ही कुठे हल्ला करणार. मलाही हसू आलं.

छावणीत रफूवाला म्हणून लागलो. यांचा आधीचा शिंपी मुलीकडे राहायला गेला, आणि नव्या पोरांना मशीन चालवता येतं पण रफू येत नाही. खोली कोठीला लागून आहे. कोठी म्हणजे गणवेश, बूट, पांघरुणं ठेवायचं भांडार. खिडकी मोठी आहे, उजेड भरपूर. शेजारी पाहुण्यांची खोली, सध्या रिकामी.

वही सुनेने दिली. म्हणाली, बाबा, मनात येईल ते यात लिहीत जा, म्हणजे सारखा फोन करून आमचं डोकं खाणार नाही. शिक्षण माझं सातवीपर्यंत, तेही ओढूनताणून. पण अक्षर चांगलं आहे.

५ नोव्हेंबर
कोठीवाले साहेब मोकळा माणूस. पोट एवढं सुटलंय की शर्टाची बटणं जीव मुठीत धरून बसलेली असतात. त्यांनी इथली रीत सांगितली. एखादा जवान गेला तर त्याचे कपडे धुऊन, इस्त्री करून, रफू करून मगच घरच्यांना द्यायचे. आईच्या हातात फाटकं कापड जाता कामा नये. ऐकून बरं वाटलं. अशा ठिकाणी आपण कामाला लागलो, असं मनात आलं.

जेवताना खोलीला कुलूप लावलं की नाही ते बघायला दोनदा उठलो. स्वयंपाकी म्हणाला, मास्तर, तुमच्या सुया चोरून कोण लढाई जिंकणार आहे? सगळे हसले. त्याच टेबलावर एका पळालेल्या जवानाचा विषय निघाला. सगळे त्याला शिट्टी म्हणत, कारण चालता बोलता शिट्टी वाजवायचा. हजेरीला आलाच नाही, मग त्याला फरारी ठरवलं. एकजण म्हणाला, त्याने तक्रार केली होती वर. दुसऱ्याने त्याच्या पायावर पाय दिला. टेबलाखाली दिला, पण मला दिसलं.

८ नोव्हेंबर
आज खरं काम आलं. कोठीवाल्यांनी एक गणवेशाचा शर्ट आणून दिला. धुतलेला. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, करंगळी जाईल एवढं भोक. कडा कडक आणि काळपट. विडीची ठिणगी पडली असेल, मी म्हटलं. ते म्हणाले, हो, ठिणगीच.

रफूला बाहेरचा दोरा चालत नाही. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे, उभे धागे उभ्यात, आडवे आडव्यात विणायचे. मग कापडाला कळतच नाही की आपण फाटलो होतो. दिवसभर बसलो. शेवटी माझी नेहमीची परीक्षा केली. डोळे मिटून खालचा ओठ त्या जागेवरून फिरवला. बोटं म्हातारी होतात, ओठ होत नाही. ओठ कुठेच अडला नाही. फक्त थोडं गार लागलं, कोणी आतून फुंकर घातल्यासारखं. खिडकी उघडी असेल.

कोठीवाल्यांनी शर्ट उजेडात धरून भोक शोधलं आणि हात टेकले. छावणीच्या मोठ्या साहेबांना दाखवायला घेऊन गेले. म्हाताऱ्याची छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

उरलेल्या धाग्याची गुंडी ठेवून घेतली. धागा फेकायचा नाही, ही माझी जुनी सवय.

९ नोव्हेंबर
आज बनियन आला. त्याच भोकाचा. त्याच जागी, तेवढाच.

ठिणगी शर्ट जाळून आतला बनियनही जाळेल? जाळेलही. पण मग माणूस ओरडला असता, कपडा झटकला असता, भोक वेडंवाकडं पडलं असतं. हे गोल आहे. आणि बनियनच्या कडेला धुऊनही न गेलेला तपकिरी डाग आहे.

मला कळलं. इथे लिहितो की मला कळलं. कोठीवाले दारात उभे होते. ते म्हणाले, मास्तर, संध्याकाळपर्यंत होईल ना? मी म्हटलं, होईल. आणि केलं. ओठ लावून बघितला नाही.

१२ नोव्हेंबर
कपडे शिट्टीचे होते. पळून जाताना नदीत बुडाला, असं आता सांगतात. शवपेटी बंद करून मोहोर मारली आहे. बंद पेटी उघडायची नाही, हा नियम. त्याची आई आणि थोरली बहीण आज आल्या. शेजारच्या खोलीत उतरल्या आहेत. भिंत पातळ आहे.

सगळं ऐकू येतं. बहीण म्हणत होती, आई, तो नदीच्या काठी वाढलेला, मासा होता नुसता, बुडेल कसा? आई म्हणाली, बुडाला तर बुडाला, पण पळाला म्हणतात ते नको होतं गं. पोरगं पळपुटं नव्हतं.

मी पाणी प्यायलो. पेला खाली ठेवताना आवाज होऊ दिला नाही.

१३ नोव्हेंबर
बहीण माझ्या दारात आली. काका, तुम्ही रफू करता ना, त्याच्या कपड्यांना कुठे फाटलं होतं का, एवढंच विचारायचं होतं. सरळ विचारलं. डोळे रडून सुजलेले, पण आवाज साफ. मी म्हटलं, किरकोळ. खिसा उसवला होता. ती म्हणाली, बरं काका. जाताना माझ्या पाया पडली. रीतीने वागणारी मुलगी. माझे पाय खुर्चीखाली घ्यायला मला वेळ मिळाला नाही.

घरी फोन केला. मुलगा म्हणाला, बाबा, तुमचं काम शिवायचं, तुम्ही शिवलंत, संपलं. आणि नोकरी सोडून इकडे याल तर झोपायचं कुठे?

१४ नोव्हेंबर
त्या गुंडीतला धागा मी तीन ठिकाणी वापरला होता. माझ्या शर्टाच्या कोपराला, स्वयंपाक्याच्या एप्रनला आणि कोठीवाल्यांच्या खिशाला. रंग जुळत होता म्हणून.

आज कोपर शाबूत आहे. पण शर्ट काढला तर पाठीवर, मधोमध, भोक. करंगळीएवढं. कडा काळपट.

रफू केलं. दुसऱ्या धाग्याने.

१५ नोव्हेंबर
भोक पुन्हा आहे. चालताना वारा आत शिरतो आणि बारीक शिट्टी वाजते. फाटकावरचा शिपाई वळून बघायला लागला. चेहरा पांढरा पडला होता त्याचा. मी म्हटलं, मी नाही.

१६ नोव्हेंबर
कोठीवाले आले, दार लावून घेतलं, पाठ माझ्याकडे केली. शर्टाला भोक. त्याच जागी. म्हणाले, मास्तर, हा काय चावटपणा? मी गुंडीबद्दल सांगितलं. ते माझ्या खाटेवर बसले. म्हणाले, मी फक्त किल्ली दिली त्या दिवशी. कोठीची. मोठ्या साहेबांनी मागितली, मी दिली. आत कोण होतं ते मी बघायला गेलो नाही.

मग म्हणाले, उद्या चौकशी आहे, तुम्ही काही बोलू नका. मग दाराची कडी काढता काढता म्हणाले, नाहीतर बोलाच.

गुंडी चुलीत टाकली. जळली. एप्रनलाही भोक पडलं आहे, स्वयंपाकी सांगत होता, उंदीर आहेत म्हणून.

१७ नोव्हेंबर
बोललो.

तीन साहेब टेबलामागे, मोठे साहेब मध्ये. उद्या पेटी आणि सामान घेऊन मायलेकी जाणार, सामान सुस्थितीत मिळालं म्हणून सही करणार, मग चौकशी बंद. बहिणीने हट्ट धरला म्हणून मला बोलावलं. मी सांगितलं, भोक होतं. पाठीवर. शर्टाला आणि आतल्या बनियनला. मीच बुजवलं.

बहीण खुर्चीवरून अर्धी उठली. आईने तिचा हात धरला.

मोठे साहेब शांत होते. शर्ट माझ्यासमोर पसरला. म्हणाले, दाखवा आजोबा.

सापडेना. उजेडात धरला. उलटा केला. बोटं फिरवली. शेवटी सगळ्यांसमोर डोळे मिटून ओठ लावला, म्हातारा गुरासारखा कपडा हुंगतोय असं वाटलं असेल त्यांना. कोणीतरी खोकून हसू दाबलं. कुठेच अडेना. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. आतली शिवण दाखवली, धागे इथून काढले म्हटलं. ते म्हणाले, शिवण जुनी झाली की विरते. बनियन मागितला. यादीत बनियन नाही म्हणाले.

त्यांनी मला पाणी दिलं. वय झालं की असं होतं म्हणाले. प्रेमाने म्हणाले.

आई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. तेच सोसवेना—

१८ नोव्हेंबर, सकाळ
थंडी पाठीतून छातीपर्यंत. कपड्याखाली आता कातडी नाही असं वाटतं. हात लावून बघायचं धाडस—
श्वास घेतला की वाजते. शेजारी आई उठून बसली असणार. ती शिट्टी तिने ओळखली असणार.

नंतर
आई आली. हातात कपड्यांचं बोचकं. गाडीला अवकाश आहे म्हणाली. दादा, काल तुम्ही खोटं बोलत नव्हता, एवढं मला कळलं. मग ते कुठे आहे?

मी रडलो. म्हटलं, बाई, मलाच सापडत नाही. तिने शर्ट पुढे केला.

डोळ्याने नाही, बोटाने नाही, ओठाने नाही. पण पाठीला कळेल. त्याच्या पाठीला कळलं होतं—

घातला.

नंतर
शर्ट अंगात आहे. कळलं. बरोबर तिथे, बर्फाचं बोट टेकल्यासारखं. आई मागे बसली आहे. बहीण दारात, तिच्यामागे कोठीवाले, त्यांनी दार अडवलं नाही, उलट मोठ्या साहेबांना हाक मारायला गेले. या म्हणाले, स्वतः बघा.
मी टेबलावर ओणवा होऊन लिहितोय. मागे आईच्या हातात सुई माझीच, रफू उसवायला.
मी सांगतो, जरा वर, बाई. डावीकडे. तिथे.
ती म्हणते, टोक सापडलं.
बूट वाजतायत बाहेर. येऊ देत. बघू देत. मी बुजवलं, मीच— पुन्हा लिहितो, मीच—
एक धागा निघाला. शिट्टी. माझ्या तोंडातून नाही.
दुसरा.
ती म्हणते, दादा, हा धागा कपड्यातला नाही, हा आतून येतोय, ओढू का—
ओढा म्हट