तुझ्या जागेवर

संत तुकाराम नगर, पिंपरी
९ नोव्हेंबर १९७९, शुक्रवार

चि. सौ. शैला हिला अनेक आशीर्वाद. पद्मीला पापा.

आठ महिन्यांनी सासूचं पत्र आलं म्हणून दारातच फाडू नकोस. अक्षर माझंच आहे, तिसरीपर्यंतचं, सावकाश वाच. नळाला पाणी पहाटेच येतं. शेजारच्या छबूबाईची जीभ मात्र दिवसभर चालू असते. अनंत आता बरा आहे. ‘आता’ का लिहिलं ते पुढे येईल.

मी विमानात बसले. हसू नकोस. मुंबईहून कलकत्त्याला. अनंताच्या कंपनीतले हिंदुराव मी आत जाईपर्यंत सोबत होते. आतल्या पोरीने माझ्या पोटाला पट्टा आवळला, मी काय पळून जाणार होते? शेजारी एक बंगाली बाई, माझ्याच वयाची, हातात शंखाच्या बांगड्या. विमान वर गेलं तसा तिने मांडीवरचा डबा उघडून खायला घेतलं. आणि काय सांगू, सुकट! तुझ्या सुकटीची थोरली बहीणच म्हण. माझा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

पोरीला खुणेने सांगितलं, मला इथून उठव. तिने पुढे बसवलं. जाताना वळून पाहिलं तर त्या बाईने झाकण लावलेलं, आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून बसलेली. मी तुझा तवा चुलीवरून उचलला त्या दिवशी तू अशीच परातीवर हात ठेवून बसली होतीस.

मग विमान धाडकन खाली आलं. चाकणच्या रस्त्याला एसटी उसळते, पण तिथे खाली रस्ता तरी असतो. मी पट्टा सोडला आणि धडपडत मागे त्या बाईशेजारी जाऊन बसले. पोरगी ओरडत होती. एवढ्या माणसांत तिच्याकडेच का गेले? अजून कळत नाही. सगळ्या विमानात ओळखीचा म्हणावा तर तो एक वासच होता. ती काहीतरी बोलली, मी काहीतरी बोलले. तिने माझं मनगट धरलं, त्याच खरकट्या हाताने. मी ते उतरल्यावरही धुतलं नाही. माळकरी बाई असं करते का? डोकं चालत नाही माझं.

आता राहिलेलं लिहिते. अनंत तिकडे मशीन बसवायला गेला होता, तिथे त्याला टायफॉईड झाला. तीन आठवडे इस्पितळात होता. कंपनीने विमानाचं तिकीट दिलं ते बायकोसाठी. हिंदुराव घरी आले, म्हणाले, “वहिनींना रत्नागिरीला तार करू का?” मी म्हटलं, “ती यायची नाही. मला पाठवा.” तुला कुणी विचारलंच नाही. तुझी जागा मी घेतली, आणि वास येतो म्हणून तिथूनही उठले.

अनंताने डोळे उघडले ते माझ्या मागे बघायला. “शैला?” म्हणाला. मी म्हटलं, “ती रागावून गेलीय ना माहेरी, ठाऊक आहे तुला.” पुन्हा तेच खोटं. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं, की ती आपणहून गेली नाही, सुकट भाजायची तर घराबाहेर हो असं मीच म्हटलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. तिकडूनच म्हणाला, “आई, हे तिला मी लिहिणार नाही. तू लिही.”

परवा आगगाडीने आलो. पेज पितो, माझ्याशी कामापुरतं बोलतो.

तुझा तवा पवनेत टाकला म्हणाले होते, तेही खोटं. मोरीमागे पोत्यात आहे. गंजलाय. मी घासणार नाही, तू येऊन घास. सुकट भाजशील तेव्हा मी दारात बसेन. नाक दाबेन, तोंड नाही उघडणार. जमेल तितकं.

यायचं की नाही ते तू सांग. या वेळी तुझ्या वतीने मी काही बोलणार नाही.

यशोदाबाई
(खाली ‘तुझी सासू’ लिहायचं की नाही, ते तुझं उत्तर आल्यावर.)