तुझी दुसरी तेरवी

माय,

तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि मागच्या आठवड्यात मी तुला पुन्हा एकदा मारलं. रागावण्याआधी ऐकून घे.

कचेरीतून रिटायर झाल्यापासून मी दिवसभर घरीच असते. बालाघाटातल्या आपल्याच त्या लाइनीतल्या दोन खोल्या, मधे एका विटेची भिंत. पलीकडे नवे भाडेकरू आलेत, सात माणसं. शाळांना सुट्ट्या, त्यामुळे सारेच घरी. सकाळपासून टीव्ही, मिक्सर, पोरींची भांडणं, आजोबांचं खाकरणं. सहा दिवस कानात कापूस घालून काढले. सातव्या दिवशी तणतणत गेले, तर त्यांची सून दारातच म्हणाली, "या ना बाई, बसा." भांडायचं बळच गेलं. तोंडातून भलतंच निघालं, "आवाज जरा कमी ठेवा. काल गावी, हट्ट्याला, माझी आई वारली."

माझ्या लहानपणी शेजारचे काका वारले तेव्हा तू कढईतलं तापलेलं तेल तसंच खाली उतरवलं होतंस. मी कशाला तरी हसत होते. "चूप बस. बाजूले मयत झाली, आज आपल्या घरी फोडणी नाही," म्हणत पाठीत धपाटाही घातलास. ही माणसंही तशीच निघाली. टीव्ही बंद, मिक्सर बंद, पोरी कुजबुजून बोलतात. रोज दुपारी सून वरण-भाताचा डबा आणते. "जेवून घ्या बाई, काहून उपाशी राह्यता?" म्हणत समोर बसते. तू कशी होतीस ते विचारते, आणि मी अगदी खरंखरं सांगते. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल मला कुणी विचारलंच नव्हतं.

ती गेली की मात्र घर खायला उठतं. मी भिंतीशी खाट ओढून बसते. आजोबा खोकले तरी बरं वाटतं.

काल तिनं विचारलं, "तेरवी कुठं करून राह्यल्या बाई?" खरं सांगून टाकावं असं ठरवलंच होतं, माय, पण ती पुढे म्हणाली, "इथंच करा. आमी सारे काम करू लागू." मी मान डोलावली.

हे पत्र मी कुठल्या पत्त्यावर टाकणार? गादीखाली ठेवते. रविवारी ते सातही जण माझ्याकडे जेवायला येतील. तुझ्या खऱ्या तेरवीला मी ढसाढसा रडले होते. या तेरवीची मात्र मी दिवस मोजून वाट बघते आहे.