कोऱ्या पानाचा अनुमोदक

बदलापूर, १७ ऑगस्ट

चि. अनुया हिला श्यामकाकाचे घरबसल्या पण अगदी मनापासून आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या ठरावाचा मसुदा पोचला. ओटावाच्या संसदेत एका खासदार बाईंकडे काम करणाऱ्या पुतणीने बदलापूरजवळच्या खेड्यातल्या निवृत्त काकाला मसुदा तपासायला पाठवावा, ही गोष्ट मी आतापर्यंत तिघांना सांगितली. चौथ्याला सांगितली तर माहेरी जाईन, असं तुझी वृंदाकाकू म्हणते. फोनवर तोंड वाजवण्यापेक्षा तू माझं ऐकून हाताने पत्र लिहितेस, याचं मोठं समाधान आहे. माझ्या पानांचे फोटो वृंदाच काढून तुला धाडते, तेव्हा एखादं पान वाकडं आलं तर दोष तिचा.

आता मसुदा. कार्यालयाच्या नियमामुळे ज्या देशाचं नाव तू लिहीत नाहीस, तिथे विरोधी पक्षाच्या उमेदवार बाईंचं प्रचार कार्यालय जाळलं, त्यांचे दोन कार्यकर्ते मारले, हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत. शाबास. मग शेवटी 'दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा' हे कोणी घुसडलं? ज्यांचं जळालं त्यांनी आणखी कसला संयम बाळगायचा? मी सदतीस वर्षं विधानमंडळाच्या सचिवालयात ठरावांचे मसुदे तपासले आहेत. असलं वाक्य माणूस घाबरला की लिहितो. ते काढा. कोणी केलं ते लिहा, त्याचा धिक्कार करा आणि त्या बाईंना निर्भयपणे निवडणूक लढवू द्या एवढं मागा.

इकडे आपल्या गावातही थंडीत पंचायतीची निवडणूक आहे. शेजारच्या सदूभाऊंची सून सोनिया, जी आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, तिने सरपंचपदाला उभी राहणार असं जाहीर केलं. त्यानंतर आठवड्याच्या आत तिच्या नवऱ्याचा, कैलासचा टेम्पो चौघांनी सकाळी अकरा वाजता आपल्याच फाटकासमोर अडवला. काचा फोडल्या आणि गजाने त्याचा हात मोडला. मी पडवीतच होतो. चौघांनाही मी ओळखतो, चौघेही सध्याच्या सरपंचांच्या, म्हणजे दौलतरावांच्या मागेपुढे असतात. त्याच दिवशी मी पोलिसांत जाऊन चार पानी जबाब दिला. कैलासच्या घरच्यांखेरीज जबाब देणारा मी एकटाच, बाकी गावाने काही पाहिलेलंच नाही. पण गुन्हा दाखल झाला आहे.

परवा पंधरा ऑगस्टची ग्रामसभा झाली. मला वाटलं होतं, दौलतराव तोंड फिरवतील. उलट त्यांनी मला पुढची खुर्ची दिली, आणि विधानमंडळातल्या माणसाची सही सगळ्यांत आधी हवी म्हणून नोंदवही माझ्याचपुढे धरायला लावली. दोन ठिकाणी सह्या केल्या. जिलब्या दोनच खाल्ल्या (हे पान वृंदा वाचणार आहे). माणसाने सरळ वागलं की विरोधकसुद्धा मान देतो, हे तुमच्या खासदार बाईंना सांग.

तुझ्या पुढच्या मसुद्याची वाट पाहणारा,
श्यामकाका


ओटावा, २९ ऑगस्ट

ती. श्यामकाकांना अनुयाचा सातासमुद्रापलीकडून वाकून नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र मी बाईंना इंग्रजीत करून वाचून दाखवलं. 'माणूस घाबरला की लिहितो' इथे त्यांनी थांबवलं, पेन घेतलं आणि ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं. त्यामुळे तुमची सदतीस वर्षं आता इथेही मोजली जातात, काकूला सांगा.

अडचण वेगळीच आहे. इथेही ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो. बाई सूचक आहेत, पण अनुमोदक दुसऱ्या पक्षाचा असावा असा त्यांचा हट्ट आहे, म्हणजे हे एका पक्षाचं भांडण वाटणार नाही. एक गृहस्थ तयार आहेत. मात्र 'दोन्ही बाजू' परत घातल्या तरच, अशी त्यांची अट आहे. व्यापाराचे संबंध आहेत, उगाच कोणाला दुखवू नये, वगैरे.

तेव्हा बाईंनी त्यांना तुमचीच गोष्ट सांगितली. एक सत्तरीचा माणूस आपल्या दारात मारहाण पाहतो आणि अख्खं गाव गप्प असताना चार पानं जबाब देतो. अशा लोकांच्या पाठीशी उभं राहण्यासाठीच आपण इथे बसलो आहोत, असं त्या म्हणाल्या. काका, माझी मान इतकी ताठ झाली की विचारू नका. आमच्या कार्यालयात आता सगळे तुम्हाला 'द अंकल' म्हणतात.

जिलब्या दोन होत्या की चार, ते खरं कळवा. सोनियाताईंना माझ्याकडून धीर द्या.

तुमच्या रागावण्यावर हक्क सांगणारी,
अनुया


बदलापूर, ९ सप्टेंबर

चि. अनुयास आशीर्वाद, वि. वि.

माझी गोष्ट यापुढे कार्यालयात कोणाला सांगू नकोस. बाईंनाही तसं सांग.

अनुमोदकाबद्दल विचार केला. ते गृहस्थ म्हणतात ते वाक्य घालावं हे बरं. शेवटी ठराव मंजूर होणं महत्त्वाचं. माणसाने फार ताणू नये. इकडे सर्व ठीक आहे.

श्यामकाका


बदलापूर, ११ सप्टेंबर

गोड अनुया, तुला काकूचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. फोटो मीच काढते, त्याचा एवढा तरी फायदा. परवा ह्यांनी तुला चार ओळी लिहिल्या, त्यात सर्व ठीक आहे म्हटलंय. इकडे काहीही ठीक नाही.

गेल्या गुरुवारी कारखान्यातून परस्पर सोनिया आली. हातात एक झेरॉक्स होती. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेचा ठराव. गावात पूर्ण शांतता आहे, टेम्पोच्या मारहाणीसारखा कोणताही प्रकार घडलेला नाही, गावाची विनाकारण बदनामी चालली आहे. सूचक दौलतराव, आणि अनुमोदक म्हणून खाली ह्यांची सही. आरोपींच्या वकिलाने तो कागद पोलिसांत दिला. तुमचा साक्षीदारच गावासमोर उलटं बोललाय, आता केस कशी उभी राहणार, असं तिला तिथे ऐकवलं. 'काका, सही तुमचीच हाय ना?' एवढंच तिने विचारलं. हे हो म्हणाले. तिने कागदाची घडी घातली आणि मी ठेवलेलं पाणी न पिता गेली. ती अर्ज भरणार नाही असं सदूभाऊ सांगत होते. एक हात मोडला तेवढा बस झाला म्हणे.

झालं ते असं. ग्रामसभेत चहा झाला की माणसं उठून जातात, म्हणून नाथा शिपाई आधीच कोऱ्या पानांवर सह्या घेऊन ठेवतो आणि ठराव मागाहून सावकाश लिहिले जातात. वर्षानुवर्षं असंच चाललंय, कोणाला वावगं वाटत नाही. ह्यांनी हजेरीच्या पानावर सही केली आणि दुसरं कोरं पान पुढे आलं त्यावरही केली. पुढची खुर्ची मिळाली होती ना! जन्मभर दुसऱ्यांच्या कागदात चुका काढणारा माणूस, आणि स्वतःच्या सहीच्या वर काय आहे ते बघितलं नाही.

उपाय ह्यांना माहीत आहे. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पहिला विषय मागचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. तेव्हा उभं राहून हरकत घ्यायची. पण मग मी कोऱ्या पानावर सही केली, हे भर सभेत सांगावं लागेल. ह्यांचं फिरायला जाणं बंद आहे, जेवण अर्धं झालंय. मी बोलले तर चिडतात. तुझं ऐकतील. मात्र मी कळवलं म्हणून मला बोलणी बसली तरी चालतील, लपवू नकोस.

तुझी वाट बघणारी आणि तुझ्यावर भरवसा असलेली,
वृंदाकाकू


ओटावा, २० सप्टेंबर

ती. श्यामकाकांना नेहमीसारखाच, जराही कमी न केलेला नमस्कार, वि. वि.

काकूने मला सगळं कळवलं. तिच्यावर रागावलात तर मी कायमची फोनवर बोलायला लागेन.

आधी माझा कबुलीजबाब. तुमचं नऊ तारखेचं पत्र आल्यावर मी ते वाक्य मसुद्यात परत घातलं. बाईंनी वाचलं आणि हे काकांनी सांगितलं का म्हणून विचारलं. मला हो म्हणता येईना. माझ्या काकांचं अक्षर होतं, पण बोलणं माझ्या काकांचं नव्हतं. मी ते वाक्य पुन्हा काढलं. ते गृहस्थ आता अनुमोदन देणार नाहीत. ठराव पंधरा ऑक्टोबरला यायचा आहे आणि आज आमच्याकडे अनुमोदक नाही. तरीही बाई ठाम आहेत, मीही आहे.

काका, खरं सांगू? मी इथे गरम खोलीत बसून हजारो मैलांवरच्या गुंडांचा धिक्कार करते. मला कोणी हातही लावणार नाही. म्हणून तर मला तुमचा अभिमान वाटला. तुम्ही वीस पावलांवरून पाहिलंत आणि ज्यांच्या गावात राहायचं त्यांचीच नावं लिहिलीत. तो जबाब अजून तुमचाच आहे. एका पानावर चुकून सही झाली म्हणून ती चार पानं खोटी होत नाहीत. पण हे फक्त तुम्हीच सांगू शकता, आणि सोनियाताईंना अर्ज भरायच्या आधी ते कळायला हवं. लोक हसतील. हसू देत. मी पहिलीत असताना तुम्ही मला शुद्धलेखनावरून किती हसलात, मी मेले का?

मागचं इतिवृत्त कायम करताना हरकत कशी घेतात, ते मात्र सविस्तर लिहून कळवा. इथे शिकवायला तुमच्याइतका जाणता माणूस नाही.

तुमच्याकडून उलट टपाली सविस्तर पत्र मागणारी,
अनुया


बदलापूर, ५ ऑक्टोबर

चि. अनुया हिला श्यामकाकाचे ताठ मानेने आशीर्वाद, वि. वि.

हरकत कशी घेतात ते विचारलंस, तर ऐक. आधी मागच्या खुर्चीवर बसावं. पुढे बसलं की डोकं चालत नाही, हे मला आता कळलं.

दौलतराव अध्यक्ष होते. नाथाने मागचं इतिवृत्त घाईघाईत वाचलं. कायम का, असं दौलतरावांनी विचारताच मी उभा राहिलो. मी सांगितलं की मी सही केली तेव्हा ते पान कोरं होतं. मला मान दिला म्हणून मी फुगलो आणि न वाचता सही केली, ही माझी चूक. मारहाण झाली, माझ्या डोळ्यांदेखत झाली, आणि करणारे हे चौघे. मग मी चारही नावं घेतली. त्यांतले दोघे दारातच उभे होते. लोक हसले, अनु. विधानमंडळातला माणूस कोऱ्यावर सही करतो, असं कोणीतरी मोठ्याने म्हणालं. वयामुळे साहेबांना आठवत नसेल, असं दौलतराव गोड आवाजात बोलले. मग मी टेम्पोचा नंबर, दिवस, वेळ आणि कोणाच्या हातात काय होतं ते सगळं सांगितलं. तेव्हा हसणं थांबलं.

मी ठराव मांडला. मागचा ठराव रद्द करावा, या मारहाणीचा गावाने धिक्कार करावा आणि निवडणुकीला ज्याला उभं राहायचं त्याला निर्भयपणे राहू द्यावं. दौलतरावांनी अनुमोदक कोण म्हणून विचारलं. कोणी उठेना. सोनिया उठू लागली, पण तिला मी हातानेच खाली बसवलं, कारण तिचं अनुमोदन म्हणजे घरचंच. ठराव पडला म्हणून दौलतरावांनी वही मिटायला घेतली. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू येत होतं.

तेवढ्यात बायकांमधून बनूबाई उठली. ही दौलतरावांच्याच भावकीतली, सोमवारी आपल्या फाटकासमोर भाजी घेऊन बसते. 'मी बी व्हते तिथं,' ती म्हणाली. 'मी बी बघितलंय. माझं नाव घाला.' दौलतरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर खाली बसली असती. मग हात मोजले. ठरावाच्या बाजूने एकशे बारा, विरुद्ध एकतीस.

नाथाने सवयीने कोरं पान काढलं, अंगठा इथं दे, लिहितो मागाहून, म्हणाला. बनूबाईने हात पदरात घेतला. आधी लिव, म्हणाली. त्याने अख्ख्या सभेसमोर बसून लिहिलं. तिने ते त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. टेम्पो राहिला होता, तो घालायला लावला. पुन्हा वाचून घेतलं. मग अंगठा दिला. सभा चाळीस मिनिटं जागची हलली नाही. मी मान खाली घालून बसलो होतो, पण इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

ठरावाची प्रत दुसऱ्याच दिवशी मी आणि कैलास पोलिसांत देऊन आलो. सोनिया अर्ज भरणार आहे. काल सकाळी आपल्या फाटकाला कोणीतरी शेण फासलं होतं. मी धुतलं, वृंदाने बादली धरली. पुन्हा फासलं तर पुन्हा धुऊ.

सभेहून परत येताना बनूबाई बरोबर होती, तिला तुझ्या ठरावाचं सांगितलं. तो देश कुठे आहे ते तिने विचारलं नाही. तिथल्या त्या बाईच्या मागं कोणी उभं आहे का, एवढंच विचारलं. अनुमोदक अजून मिळालेला नाही, असं मी सांगितलं. मग माझा अंगठा चालत असंल तर घ्या, म्हणाली, पण आधी वाचून दाखवा. तो तुमच्या संसदेत चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी तिला तसं सांगितलेलं नाही. तेव्हा ठराव मराठीत करून लगेच धाड. सोमवारी ती फाटकापाशी येईल, तेव्हा मला तो सबंध वाचून दाखवायचा आहे.

तुझ्या मराठी मसुद्याची वाट पाहत, असाच लोभ दोन्ही तीरांवर राहो ही इच्छा करणारा,
श्यामकाका