सावलीवाल्याची मुलगी

मुलुंड,
८ एप्रिल १९८५

तीर्थरूप दादास,
अनंतचा नमस्कार.

ताईच्या नीलाचं लग्न अडलं आहे. ही ऐकीव बातमी नाही. मुलाचे वडील काल विमलाताईच्या घरी चहा पिताना माझ्यासमोरच तसं बोलले. मुलगा सहदेव कांदिवलीला राहतो, टेलिफोन खात्यात आहे. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आहे. पत्रिकेची अडचण नाही, देण्याघेण्याची नाही. वडील मात्र दारात भावोजींना बघून थबकले. हे वडील म्हणजे तुझ्या कंपनीतले शिवदासराव. संपात घोषणा देऊन देऊन ज्यांचा आवाज कायमचा बसला, ते.

बाकी इकडे ठीक. आमच्या माणिकच्या शाळेच्या परीक्षा चालू आहेत. उकाडा फार आहे. पालिकेच्या निवडणुकीमुळे मला पेपरातून घरी यायला रोज उशीर होतो, आणि खरं सांगायचं तर कंटाळा आलाय.

या प्रचारात तुझा शब्द जोरात आहे. घाटकोपरच्या सभेत एकाने समोरच्या पक्षाला ‘सावलीवाले’ म्हटलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी यांना म्हटलं. दिंडोशीपर्यंत भिंतीवर रंगवलेलं मी पाहिलं. संपादकांना अशा शब्दांवर एक चौकट हवी होती. मृणालिनी नावाची नवी मुलगी टेबलाटेबलावर विचारत फिरली. एक जण म्हणाला, कुठल्याशा पुढाऱ्याने फक्त आपल्यापुरताच मांडव घातला होता, त्यावरून. दुसरा म्हणाला, छे, एका उमेदवाराची निशाणी झाड होती.

“अनंतराव, तुम्ही इकडचेच ना? तुम्हाला माहीत असेल.”

“नाही गं,” मी म्हटलं. “नुसतं ऐकलंय.”

चौकटीत ‘उगम अज्ञात’ असं छापून आलं.

अज्ञात कसला? मी तिथे वही घेऊन उभा होतो. संपाचा तिसरा महिना होता, गेटवर सभा होती. करार मान्य करा म्हणणारे पाच-सहा जण पत्र्याच्या शेडखाली उभे होते, त्यांच्याच शेजारी दशरथ भावोजी. तू ट्रकवरून हात केलास. “लढणारे इथे उन्हात आहेत. कंपनीची सावली ज्यांना गोड लागते, ते तिकडे. तोंडं बघून ठेवा!” लोक खूप हसले. संध्याकाळपर्यंत चाळीतली पोरं भावोजींच्या मागे ‘सावलीवाला, सावलीवाला’ करत होती. ताईने दार लावून घेतलं. त्या श्रावणात तिची राखी तुला आली नाही. नंतरही नाही.

भावोजी संप मोडेपर्यंत कामावर गेले नाहीत. शेवटच्या तुकडीत आत गेले, मान खाली घालून, सगळे गेले तसे. शिवदासरावांना काल मी हे सांगून पाहिलं.

“असेल हो,” ते म्हणाले. “पोरगी झकास आहे, माझं तिच्याबद्दल काही नाही. पण सावलीवाल्याशी सोयरीक केली म्हणून आमच्या चाळीत माझी वाट लागेल. शिक्का तुमच्या दादांनी, जयवंतरावांनी मारलाय. पुसायचा तर त्यांनी पुसावा. ते मामा म्हणून उभे राहू देत, मी हार घेऊन येतो.”

भावोजी तिथेच बसले होते. बिस्किटांची बशी पुढे सरकवून म्हणाले, “घ्या ना, चहा निवता.”

आमच्या धंद्यात मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत लिहितात. मला ती इथवर आलो तरी लिहवत नाहीये. दादा, तुला माहीत होतं. त्या सभेच्या महिनाभर आधी तुझ्या घरी जेवताना भावोजींना पहिली फीट आली. ते पानावरच आडवे झाले. वहिनीने कांदा फोडला आणि तो त्यांच्या नाकाशी तू धरलास. डॉक्टरांनी उन्हात उभं राहायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा बरोबर तूच होतास. कंपनीच्या डॉक्टरला कळलं तर अनफिट करून घरी बसवतील, तेव्हा बाहेर बोलायचं नाही, हेही तूच ठरवलंस. त्यांनी ते पाळलं. तुझ्या भाषणानंतरही पाळलं.

मी एकदाच त्यांना विचारलं होतं, निदान माणसांना खरं सांगून का टाकत नाही? म्हणाले, “त्या येळाक माणसां फुटत होती रे. जयवंताक कोणाकडे तरी बोट दाखवचा लागला, ता माझ्याकडे इला. मी खरा बोललंय असतंय तर नोकरी गेली असती, आणि जयवंताचो शब्दय.”

आजही सांगता येत नाही. नीलाने सहदेवला सगळं सांगितलं आहे. त्याची हरकत नाही. पण तो म्हणतो, “बाबांना आजार कळला तर एक कारण जाईल आणि दुसरं येईल.” भावोजींच्या नोकरीचीही अजून सहा वर्षं आहेत. तेव्हा आजाराचं तू काही बोलायचं नाही. फक्त यायचं, त्यांच्या शेजारी बसायचं आणि दशरथ फितूर नव्हता एवढं शिवदासरावांना सांगायचं. संप बुडाला, नोकरी गेली, तू गावी निघून गेलास. तुझंही काही कमी गेलं नाही, हे मला कळतं. पण ते वेगळं.

हे पत्र ताईला वाचून दाखवलं. कांद्याचं खोडायला तिने सांगितलं नाही. “भीक मागू नकोस त्याच्याकडे,” एवढंच म्हणाली. मागत नाहीये.

शनिवारची रातराणी पहाटे ठाण्याला येते. मी स्टँडवर असेन. रविवारी दहा वाजता शिवदासराव येतील. तू असलास तर सुपारी फुटेल. नसलास तर ते चहा घेऊन उठतील, आणि सहदेव त्यांच्यामागून निमूट जिना उतरेल असं नीलाला वाटतं. मलाही तसंच वाटतं.

तुझा, आणि ताईचाही, भाऊ
अनंत