हद्दीवरचे कण आणि कृष्णातच्या वह्या

मी, गोदावरी विष्णुपंत सहस्रबुद्धे, वय ७२, निवृत्त शास्त्रज्ञ, राहणार गावभाग, सांगली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पाय मात्र एका जागी ठरत नाहीत. एवढे लिहीपर्यंत चार वेळा उठले.

१. राहता फ्लॅट पुतण्या मुकुल याला. मधली भिंत पाडायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. खुशाल पाडावी.

२. दागिने भाची मयूरी हिला. तिच्या आईने "लग्न केलं असतंस तर" हे पालुपद माझ्या तेराव्याला तरी लावू नये.

३. लोखंडी कपाटातील, कृष्णात केरबा जाधव, उंब्रज, याच्याच हातच्या नोंदींच्या अकरा वह्या त्याला. कारण लिहिणे भाग आहे.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला बाहेरून एक हद्द असते. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याने ती सतत मागेपुढे सरकते. १९९८ साली उपग्रहावर बसवलेले आमचे उपकरण ही हद्द ओलांडताना वेगवान कणांचे आकडे एकदम उसळत. मी म्हणाले, उपकरणात ऊन शिरले, आकडे खोडा. कृष्णात तेव्हा माझा संशोधक विद्यार्थी होता. म्हणाला, "म्याडम, त्या टायमाला सूर्य उपकरणाच्या पाठीमागं हाय. ऊन शिरंल कुठनं? आतलं कण भाईर पाझरत्यात, बांधातनं पाणी पाझरतंय तसं."

मी भर बैठकीत म्हणाले, "बांधाचं शास्त्र उंब्रजला जाऊन कर." सगळे हसले. तो महिन्याभरात खरंच गेला. आता ऊस लावतो.

उपकरण मी बांधले होते, म्हणून त्याचे तोंड कुठे होते हे तपासायची मला गरज वाटली नाही. कसली ही घमेंड! गेल्या वर्षी नव्या उपग्रहांच्या आकड्यांत तीच उसळी दिसली. जुन्या नोंदी काढून दिशा मांडली. सूर्य पाठीमागेच होता. कृष्णात बरोबर होता, मी चुकले. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

हे वाचून वकील धैर्यशील म्हणाले, "आवं म्याडम, म्हंजे तुमी मेल्याशिवाय त्येला कळायचंच न्हाई व्हय?"



म्हणून कलम ३ याच कागदावर रद्द करते. मेल्यावर माफी मागायची, ही माझी पळवाट होती. स्वयंपाकाच्या रंगुबाईने वह्या पिशव्यांत भरल्या आहेत. दुपारच्या एसटीने मी उंब्रजला जात आहे. त्याने दारातून हाकलले, तर तेही ऐकून घेईन.

सही : गोदावरी वि. सहस्रबुद्धे
साक्षीदार : १. धैर्यशील मोहिते, वकील
२. रंगुबाई माने, स्वयंपाकीण (डाव्या हाताचा अंगठा)
सांगली, ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेअकरा