दोन शेपट्यांचा घोडा

३ मार्च
ती. मामास,
सा. न. वि. वि.
गुडघा कसा आहे? आई म्हणते, तो फक्त काम सांगितल्यावर दुखतो. तर काम सांगते. बेकरीवाल्याने दिलेल्या सुट्ट्या पैशांत मला घोड्याचं एक जुनं नाणं मिळालं, आणि त्या घोड्याला चक्क दोन शेपट्या आहेत! आमच्या नाणेसंग्राहक मंडळाच्या अध्यक्षांनी ते हातभर लांब धरलं आणि ओरखडा म्हणून मोकळे झाले. वर सगळ्यांदेखत म्हणाले, हा हिनेच सुईने मारला असेल. पंधरा तारखेच्या, रविवारच्या प्रदर्शनापर्यंत पुरावा दिला नाही, तर मंडळातून नाव कट. तुम्ही टाकसाळीत जन्मभर साचे घासलेत. खरं-खोटं कसं ओळखू?
माया आहे तेवढी राहू द्या, वाढली तरी तक्रार नाही.
भिंगरी

६ मार्च
चि. भिंगरीस,
अ. आ.
भिंग न लावता निकाल? म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! नाणं कडेने धर, दिव्याचा उजेड आडवा पडू दे. ओरखडा धातू खणतो, म्हणून रेघ खोल दिसते. पण साच्यालाच ओरखडा असेल, तर त्या खाचेत धातू भरतो आणि नाण्यावर रेघ उठून येते. माणूस खोटं बोलेल, धातू बोलणार नाही! याच बाण्याने मी काम केलं. 'बिनचूक कारागीर' ही ढाल कपाटात साक्षीला उभी आहे.
तुझा मात्र ओरखडाच असणार. भांडू नकोस. नाणं माझ्याकडे पाठव आणि मोकळी हो.
मामा

९ मार्च
ती. मामास,
सा. न. वि. वि.
शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दिव्याखाली पाहिलं. रेघ उठून आलीय! न पाहता निकाल देणारे तुम्ही दुसरे अध्यक्षच की. आणि नाणं तुम्हाला कशाला हवंय? त्यावरचं साल नेमकं तुमच्या ढालीचं आहे. विजेच्या खांबालाही भाषण देणाऱ्या माणसाचं पत्र एवढंसं? चोराच्या मनात चांदणं! रविवारी मी भर सभेत खोटारडी ठरणार आहे, मामा.
तरीही तुमचीच,
भिंगरी

१२ मार्च
चि. भिंगरीस,
अ. आ.
पुढचं मंडळात मोठ्याने वाच.
मंडळींनो, ती दुसरी शेपटी माझी आहे. मी सोबत्यांना निष्काळजीपणाविरुद्ध भाषण देत होतो. हातात पोलादी टोचा होता. 'एकही चूक खपवून घेणार नाही' असं गरजत हात आपटला, तो थेट साच्यावर. साचा बदलायचा सोडून मी तो तसाच यंत्रावर चढवला, आणि त्याच वर्षी ढाल मिरवली. भाची खरी आहे. मामा खोटा.
ढाल सोबत पाठवतो आहे, टाकसाळीत परत दे.
मामा

१७ मार्च
ती. मामास,
सा. न. वि. वि.
वाचलं. अध्यक्ष मटकन खाली बसले! त्या वर्षी टाकसाळीत नाण्यांचे तपासनीस तेच होते म्हणे. त्या दिवशी भिंग घरी विसरले आणि सगळे घोडे तसेच पास केले. तेव्हापासून लोकांना ओरखडा सांगून ती नाणी गोळा करतायत. पण घरी एकोणीसच आहेत. माझी सगळ्यांदेखत माफी मागितली. हे नाणं इतकं दुर्मिळ कसं झालं, हे कोडं मात्र कुणालाच सुटलं नाही.
तुमच्या चुकीचा अभिमान असलेली,
भिंगरी

१९ मार्च
चि. भिंगरीस,
अ. आ.
कोडं कसलं! ढाल हलवली आणि तिच्या मागची बरणी तुझ्या मामीला दिसली. आत त्रेचाळीस घोडे.
तपासनीस साहेबांना घेऊन ये. भिंग मी देईन.
मामा