खानाचा पुलाव आणि हेडक्लार्कची खुर्ची

८ जानेवारी १९६७, रविवार
बोईसर स्टेशनसमोर सरवरखानाच्या खाणावळीत जेवलो. अफगाणी माणूस, जलालाबादचा. या मुलखात त्याच्या पुलावाची कदर असलेला मी एकटा. बाकीचे भातात गाजर आणि मनुका पाहून गोडाचा समजतात. शेजारी आमच्या बांधकामाच्या साइट ऑफिसातला स्टोअरकीपर रामकिसन. पुलावाबरोबर खायला बुक्कीने कांदा फोडला. मी पाठ फिरवली.

१० जानेवारी
हेडक्लार्कची जागा रिकामी झाली. क्लार्कांत सर्वांत जुना मी, म्हणजे माझी झाली. रामकिसननेही अर्ज केलाय म्हणे. हसू आले. नवे इंजिनियर मेहरासाहेब दिल्लीहून येताहेत, निवड तेच करणार. त्यांना खानाकडे न्यायचे. तिथे मी खानाशी त्याच्या भाषेत बोललो की काम फत्ते. मुंबईहून फारसीचे पुस्तक मागवले. रोज पंधरा वाक्ये, पहाटे.

१५ जानेवारी, रविवार
एकूण दोन वाक्ये झाली. पहाटे थंडी असते. खानावर प्रयोग केला. त्याला कळले नाही. बिचाऱ्याची फारसी कच्ची दिसते. हिंदीत विचारू लागला, घसा बसलाय का, चहा देऊ? घेतला. वेलची जास्त होती, तसे सांगितले.

२० जानेवारी
बायकोला, मंगलाला, बेत सांगितला. म्हणाली, साहेबाला घरी आणा, पापलेटाचे कालवण करते. मी म्हटले, पापलेट खाऊ घालून कोणी हेडक्लार्क झाल्याचे ऐकले नाही.
"पुलाव घालून झालेला तरी कुठे ऐकलाय तुमी?"
अडाणीपणाला औषध नाही.

२५ जानेवारी
खानाला सूचना दिल्या. मटण मऊ हवे, तूप बेताचे, माश्या अजिबात नकोत. तो रोट्या थापत मान हलवीत होता. मला फार मानतो.

२९ जानेवारी, रविवार, दुपारी चार
साहेबांना नेले. दारातच माझे फारसी वाक्य टाकले. खानाने पुन्हा घशाची चौकशी केली. साहेब मात्र हसून भलतेच काही भराभरा बोलले. खानाच्या हातातली परात पडली. दोघांची मिठी. साहेब मूळचे पेशावरचे, फाळणीत इकडे आलेले. दोघांची बोली पश्तो. खानाला फारसी येतच नाही. हे त्याने आधी सांगायला नको?
वीस वर्षांनी ही बोली कानावर पडली म्हणून साहेबांचे डोळे भरले. एवढ्या हुद्द्याच्या माणसाला शोभत नाही. तासभर बोलत होते. मला एकच शब्द कळला, रामकिसन. तो तीनदा आला. साहेब हात धुवायला गेले तेव्हा खानाला विचारले.
"साहब ने पूछा, इधर सच्चा आदमी कौन है. मैंने बता दिया."
खान तापाने पडला होता तेव्हा रामकिसनने दोन दिवस त्याची भट्टी सांभाळली म्हणे. स्टोअरकीपरने रोट्या भाजायच्या! माणसाला दर्जा म्हणून काही असतो. माझ्याविषयी काय सांगितलेस, विचारले.
"आपका तो पूछा ही नहीं."

३ फेब्रुवारी
ऑर्डर आली. हेडक्लार्क रामकिसन. मला वाणगाव स्टेशनवर वॅगनमधून उतरणाऱ्या सिमेंटवर देखरेख. स्वतंत्र कारभार आहे. एका दृष्टीने ही बढतीच. मंगलाने विचारले, हाताखाली किती माणसं हायत? आकडा नंतर सांगतो म्हटले. अजून एकही दिलेला नाही.
निश्चय : खानाच्या दारात पुन्हा पाऊल नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार
खानाकडे गेलो. फक्त निषेध नोंदवायला. मुद्दे चार. जागा एकच होती, रामकिसनसमोरची. तो सरकला. खानाने न विचारता पुलाव आणून ठेवला. गरम होता, म्हणून आधी खाल्ला. रामकिसनने विचारले, वाणगावला करमते का? इतक्या दिवसांत हे कुणीच विचारले नव्हते.
नाही म्हणालो.